माझ्या पिशाच्चाचा हयातीचा दाखला

सगळ्यात आधी दातांचं बोलते, कारण या सगळ्या भानगडीचं मूळ दातांत आहे.

माणसाचा वरचा सुळा हिरडीबाहेर साधारण दहा मिलिमीटर दिसतो. अकरा दिसला तर चेहऱ्याला रुबाब येतो. बाराच्या पुढे गेला की खालचा ओठ सोलवटायला लागतो. तेवीस वर्षं मी रुशोरच्या बाजारपेठेत, चपलांच्या दुकानामागे बसून लोकांच्या कवळ्या बनवते आहे, तेव्हा या विषयावर मला कुणी शिकवू नये. आणि माझी मुलगी तेओ जी जाडजूड पुस्तकं वाचते, धुकं, बुरूज, अमर प्रियकर आणि सतरा वर्षांची फिकट पोरगी असलेली, त्यांतल्या प्रत्येक पिशाच्चाचे सुळे अडीच सेंटिमीटर असतात. अडीच! असा दात असलेल्या माणसाला तोंड मिटता येत नाही. धड बोलता येत नाही. सूप पिता येत नाही. आणि तो चारशे पानं त्या पोरीच्या कानात कुजबुजतो! वर ही पुस्तकं घडतात आमच्या ट्रान्सिल्व्हानियात, आणि लिहितात कोण, तर जन्मात इथे पाऊल न टाकलेल्या बायका.

"आई, ते प्रतीक असतं गं," तेओ म्हणाली.

"प्रतीकाला जबडा असतो ना? मग जबडा बंद झाला पाहिजे."

"मग तूच लिही!"

सोळा वर्षांची मुलगी हे वाक्य बोलते ते भांडण संपवायला. मी ते मनावर घेतलं.

कवळीचं प्लास्टर घट्ट व्हायला चाळीस मिनिटं लागतात. या धंद्यातले बाकीचे लोक त्या वेळात कॉफी पितात. मी कादंबरी लिहिली. एका जबड्याला एक प्रकरण. खालचा-वरचा दोन्ही असले तर मोठं प्रकरण. आता वाचणाऱ्या पोरी म्हणतात की प्रत्येक प्रकरण कसं नेमकं श्वास रोखायला लावून थांबतं. श्वासबिस काही नाही, प्लास्टर वाळलेलं असायचं. मला साहित्यातलं कुणी काही शिकवलेलं नाही. ज्यांना शिकवलं त्यांनी काय दिवे लावले ते मी आमच्या जिल्ह्याच्या मासिकात दर तीन महिन्यांनी बघते.

कादंबरीचं नाव 'थंड ओठांची शपथ'. नायिका इरिना. नायकाला मात्र नाव मिळेना. परदेशी बायका त्याला काउंट अमुक, प्रिन्स तमुक करून टाकतात. मला आमच्या मातीतलं, वजनदार, खरं नाव हवं होतं.

ते मिळालं मृतांच्या शनिवारी, सासूबाईंची कबर साफ करताना. वाल्यारा गावच्या टेकडीवर मी आणि माझा नवरा लिव्यू गवत उपटत होतो. दोन कबरी सोडून एक काळा संगमरवरी क्रूस होता. त्यावर चिनीमातीचे दोन लंबगोल फोटो. एक बाई, गोल चेहऱ्याची, डोक्याला रुमाल. शेजारी चोवीस-पंचवीसचा तरुण. भुवया काळ्याभोर, गालांची हाडं अशी की त्यांच्यावर पेन्सिलीला टोक काढावं. आणि तो किंचित हसत होता. त्या हसण्यात वरचा सुळा दिसत होता. अकरा मिलिमीटर. मी डोळ्यांनी मोजते आणि चुकत नाही.

खाली कोरलं होतं : ओक्ताव्हियान ग्रोझ्या, १९३१–१९. पुढचे दोन आकडे पिवळ्या शेवाळाखाली असणार असं मी धरलं.

आता मला मूर्खात काढायच्या आधी ऐका. नवरा-बायकोतलं एक गेलं की उरलेल्याचंही नाव आणि फोटो त्याच क्रूसावर आधीच लावून ठेवतात, हे मला माहीत नव्हतं का? माझ्या स्वतःच्या आईचं नाव सात वर्षं बाबांशेजारी कोरलेलं आहे आणि ती दर रविवारी जाऊन स्वतःचा फोटो पुसून येते. पण आईच्या जन्मसालापुढे रेघ आहे आणि रेघेपुढे मोकळा दगड. इथे एकोणीस होतं. ज्याच्यापुढे एकोणीस कोरलंय तो एकोणीसशे कितीतरी साली गेला. यात शंकेला जागा कुठे आहे?

तरी मी लिव्यूला विचारलं. त्याचं बालपण त्या गावातलं.

"ग्रोझ्या? वनरक्षक होता. वरच्या जंगलात राहायचा. आम्ही त्याच्या सावलीलाही घाबरायचो," तो गवतातून मान वर न काढता म्हणाला. "गेला असेल कधीच."

हे 'कधीच' मी पुढे त्याला बरेचदा ऐकवलं आहे.

तर ओक्ताव्हियान ग्रोझ्या माझा पिशाच्च झाला. तीनशे वर्षं इथे वसलेल्या जर्मन सॅक्सन लोकांच्या जुन्या चर्चच्या बुरुजात राहणारा, दात शास्त्रशुद्ध असलेला. तेओनं त्या फोटोवरून मुखपृष्ठ काढलं आणि पहिल्यांदाच मला म्हणाली, "आई, हा चालेल." पदरच्या पैशानं तीनशे प्रती छापल्या. तेओच्या शाळेतच चाळीस गेल्या. पोरी पान एकशे बारावरचं एक वाक्य वहीवर, बाकावर, मनगटावर पेनानं लिहू लागल्या. ओक्ताव्हियान बुरुजावर इरिनाचा हात धरून म्हणतो : "तीनशे वर्षांत मी कुणावरही प्रेम केलं नाही. तू पहिली." मी ते वाक्य आमच्या नोटरीबाईंच्या खालच्या जबड्याच्या वेळी लिहिलं होतं आणि तेव्हाच मला कळलं होतं की हे चांगलं झालंय.

मग ऑक्टोबरात सांस्कृतिक भवनात प्रकाशन ठरलं आणि तिथले संचालक पास्कु आडवे आले. पास्कु हा माणूस खुर्चीवर बसत नाही, खुर्ची भूषवतो.

"साविनाबाई, नाव खऱ्या माणसाचं. चेहरा खऱ्या माणसाचा. मृत असेल तर मृत्यूचा दाखला आणा, जिवंत असेल तर संमतिपत्र. त्याशिवाय सभागृह नाही. नियम आहे."

"कुठे लिहिलाय हा नियम?"

"मीच लिहिलाय. परवा."

अशा माणसाशी वाद घालून दगडाला पाझर फोडण्यापेक्षा दाखला आणलेला बरा, म्हणून मी नगरपालिकेत गेले. तिथे जन्म-मृत्यूच्या खिडकीवर कोर्नेलिया बसते. खिडकीच्या काचेला भोक आहे ते कमरेच्या उंचीवर. नागरिकानं वाकून बोलावं अशीच ती योजना असणार. मी वाकले.

"ग्रोझ्या ओक्ताव्हियान, वाल्यारा, जन्म एकोणीसशे एकतीस. मृत्यूचा दाखला हवा."

तिनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. मग जाड रजिस्टर काढून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "हा मेलेला नाही."

"त्याच्या क्रूसावर कोरलंय."

"क्रूस हा शासकीय कागद नाही, बाई."

"म्हणजे तुमचं रजिस्टर अपुरं आहे."

हे वाक्य सरकारी खिडकीत बोलू नये हे मला आज कळतं. कोर्नेलियानं एक कोरा कागद भोकातून सरकवला. "लिहून द्या मग."

मी लिहून दिलं. तीन पानं लिहिलं. सदर इसमाचा मृत्यू गेल्या शतकातच झालेला असून तो नोंदवण्यात या कार्यालयानं अक्षम्य हयगय केली आहे, नागरिकांना मेल्यावरही न्याय नाही, वगैरे. खाली सही, आणि रागाच्या भरात माझ्या लॅबचा शिक्काही, ज्यावर एक दाढ आहे. माझ्या आयुष्यात मी नगरपालिकेकडे चौदा अर्ज केले. गटार, दिवा, गटार, कुत्री, गटार. एकावरही कुणी ढुंकून पाहिलं नाही. या एका अर्जावर मात्र चार दिवसांत कारवाई झाली.

पण ते मला मागाहून कळलं. तोवर आमच्या शेजारच्या फिरुता मावशी मध्ये पडल्या होत्या. फिरुता मावशी म्हणजे आमच्या गल्लीतलं शेवटचं अपील. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, मुखपृष्ठ पाहिलं होतं, आणि तेवढ्यावर त्यांचं मत तयार होतं.

"साविना, मेलेल्या माणसाला तू उठवलंस, हिंडवलंस, पोरींच्या मानेला तोंड लावायला लावलंस. आणि त्याच्या नावानं एक घास तरी घातलास का कुणाला?"

"मावशी, ती कादंबरी आहे."

"त्याला कुठे माहीत आहे कादंबरी आहे ते? त्याचं जेवण घाल. पाव, गोड गहू, मेणबत्ती. पाद्रीबाबांकडून नाव वाचून घे. नाहीतर येईल हो तो एक दिवस दारात."

मी अंधश्रद्धाळू नाही. पण माझ्यापुढे प्रकाशन होतं, दाखला अडकला होता आणि आदल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाच्या सहा दातांचा रंग चुकला होता. तेव्हा म्हटलं, घालू या. मी चाळीस वेणीचे पाव भाजले. गहू शिजवून त्यात साखर, अक्रोड, लिंबाची साल घातली, वर साखरेनं क्रूस काढला आणि लिव्यूबरोबर सगळं रविवारी वाल्यार्‍याच्या चर्चला पाठवलं. मला एका पुलाच्या मापाचं काम होतं (तोंडातला पूल, नदीवरचा नव्हे), म्हणून मी गेले नाही. गावातले पाद्रीबाबा नवे, येऊन तीन आठवडे झालेले. त्यांनी चिठ्ठीवरचं नाव मृतांच्या यादीत खणखणीत वाचलं.

लिव्यू परत आला आणि म्हणाला, "नाव वाचल्यावर सगळं चर्च मागे वळून बघायला लागलं. तुझं पुस्तक बरंच पोचलंय वाटतं तिकडे."

मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

बुधवारी सकाळी साडेदहाला लॅबचं दार वाजलं. दारात एक उंच, वाळका म्हातारा. हिरवा लोकरी कोट, हातात टोपी, भुवया पांढऱ्या पण दाट.

"साविना तूच का? मी ओक्ताव्हियान ग्रोझ्या."

मी किंचाळले नाही, हे नोंदवून ठेवते. फक्त खालचा जबडा पडला. माझ्या हातातला, गिऱ्हाइकाचा. त्याचे तीन तुकडे झाले.

"आत येऊ का?" म्हातारा म्हणाला. "तुझ्या पुस्तकात पान अठ्ठेचाळीसवर लिहिलंय की मी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. म्हणून विचारतो."

"या ना... या आजोबा. बसा."

"बसता येतं का मला? ते काही लिहिलेलं नाही."

तो बसला. शेजाऱ्याच्या नातीनं त्याला पुस्तक आणून दिलं होतं आणि भिंग घेऊन त्यानं ते सहा दिवसांत संपवलं होतं. त्यानं खिशातून एक कागद काढला. वनरक्षकाची सवय, मुद्दे लिहून आणले होते.

"पहिला मुद्दा. रविवारी मी चर्चमध्ये शेवटच्या रांगेत बसलो होतो. माझं नाव वाचलं. लोकांनी माझ्याकडे बघितलं. मी पाद्रीबाबांकडे बघितलं. मग सगळ्यांना पाव वाटला, मीही घेतला. पाव चांगला होता. गव्हात साखर जास्त झाली."

"आजोबा, मला वाटलं—"

"दुसरा मुद्दा. सोमवारी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेलो. औषधवाली म्हणते, आरोग्याचं कार्ड चालत नाही. मृत्यूची तपासणी सुरू आहे म्हणे. मी म्हटलं, बाई, तपास ना, मी इथेच आहे. ती म्हणाली, तपासायचा अधिकार मला नाही."

मी विचारलं, क्रूसावर एकोणीस कसं काय? त्यावर तो पहिल्यांदा हसला, आणि मला कळलं की ते सगळे दात त्याचेच आहेत. त्र्याण्णवाव्या वर्षी! सुळा झिजून साडेनऊवर आला होता.

"शहाऐंशी साली लुक्रेत्सिया गेली, माझी बायको. दगडफोड्या म्हणाला, साहेब, तुमचंही एकोणीस कोरून ठेवतो, पुढचे दोन काय ते नंतर. दोन हजार साल बघायला कोण राहतंय? मलाही पटलं. मग ते साल आलं, गेलं. आता दगडावर काय करायचं ते त्यालाच विचारलं असतं, पण तो अठ्ठ्याण्णवला वारला."

मी कोट घातला, त्याला हाताला धरलं आणि थेट कोर्नेलियाच्या खिडकीवर नेलं. म्हातारा सहा फुटी. त्या भोकापर्यंत वाकायला त्याला बराच वेळ लागला.

"हे जिवंत आहेत," मी म्हणाले.

"पुरावा?"

"हे उभे आहेत की!"

"उभे आहेत ते मला दिसतंय, बाई. जे उभे आहेत ते तेच आहेत कशावरून? त्यांचं ओळखपत्र तपासणीत आहे. तुमच्याच अर्जावरून. त्यांना हयातीचा दाखला लागेल. नात्यात नसलेल्या साक्षीदारानं लिहून द्यायचं." मग ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही देऊ शकता. पण तुमच्या पुस्तकात पान एकेचाळीसवर ते मेलेले आहेत. माझ्या मुलीनं दाखवलं मला."

"ती कादंबरी आहे!"

"आणि हा अर्ज? ही दाढ कुणाची आहे?"

अर्धा तास आम्ही भांडलो. मागे नऊ माणसांची रांग होती आणि नऊच्या नऊ जणांना मत होतं. एकजण म्हणाला, म्हाताऱ्याला आरसा दाखवा, दिसला तर जिवंत. एक बाई म्हणाली, लसूण हुंगवा. म्हातारा म्हणाला, लसूण मी सकाळीच खाल्लाय, वाकतो, वास घ्या. शेवटी मी कागदावर लिहिलं : सदर इसम मेलेला नाही, यापूर्वीही मेलेला नव्हता. कोर्नेलिया म्हणाली, एवढ्यानं भागणार नाही, माझ्या साहेबांनीही पुस्तक वाचलंय, शेवटची ओळ घाला. म्हणून मी लिहिलं : आणि माझ्या माहितीप्रमाणे अंधार पडल्यावर कुठेही हिंडत नाही. जी स्त्री आपल्या हातानं, आपल्या नायकाबद्दल, सरकारी कागदावर असलं वाक्य लिहिते तिच्या मनाचं काय होत असेल याचा विचार आपल्या देशात कुणी करत नाही.

कार्ड सुरू झालं. गोळ्या मिळाल्या. मी त्याला बसस्टॉपजवळच्या मिठाईच्या दुकानात नेलं, पापक्षालन म्हणून दोन क्रीमच्या वड्या मागवल्या आणि पास्कुचं संमतिपत्र पुढे ठेवलं. वाटलं, आटोपलं.

त्यानं वडी अर्धी खाल्ली, तोंड पुसलं आणि कागदाची घडी पुन्हा उघडली. "तिसरा मुद्दा राहिलाय. पान एकशे बारा."

"काय आहे तिथे?" मला माहीत होतं काय आहे ते.

"रक्त पितो, पिऊ दे. बुरुजावरून उड्या मारतो, माझ्या गुडघ्यांना विचारलं असतंस तर बरं झालं असतं, पण मारू दे. पण तिथे मी म्हणतो की मी कुणावरही प्रेम केलं नाही." तो टोपीची कड बोटांनी फिरवत होता. "माझं नाव आहे, पोरी. माझा चेहरा आहे. गावातल्या पोरी मला रस्त्यात अडवून विचारतात, आजोबा, खरंच कुणीच नव्हतं का?"

मी माझी वडी चमच्यानं उगाच कापत बसले.

"आम्ही एकोणतीस वर्षं संसार केला. मी वरच्या चौकीत, ती खाली गावात. दर शनिवारी अकरा किलोमीटर चढून यायची, घेवड्याचं सूप शालीत गुंडाळून. एकदा बर्फात लांडगे मागे लागले. आली, दार लावलं आणि म्हणाली, सूप निवलंय, कुरकुर करायची नाही. लांडग्यांचं मला दुसऱ्या दिवशी पावलं बघून कळलं." त्यानं टोपी मांडीवर ठेवली. "मी त्र्याण्णव वर्षांचा आहे. मला लवकरच तिच्याशेजारी जायचंय. गेल्या गेल्या ती पहिला प्रश्न काय विचारेल? गावात सगळं कळतं तिला."

आता कुणाही चांगल्या माणसानं इथे म्हटलं असतं, आजोबा, काढते ते वाक्य. मी म्हटलं नाही. मी म्हटलं, "प्रती छापून झाल्यात. आणि ते वाक्य पुस्तकाचा कणा आहे. त्यातला स्वल्पविरामसुद्धा हलणार नाही. मला कुणी शिकवलं नाही, कुणी छापलं नाही, तीन प्रकाशकांनी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे एवढं एकच वाक्य आहे जे पोरी मनगटावर लिहितात."

त्यानं मुद्द्यांचा कागद खिशात ठेवला. मग पेन घेतलं आणि संमतिपत्रावर सही केली, सावकाश, पूर्ण नावानिशी.

"तुझं वाक्य आहे," तो म्हणाला. "मी फक्त विचारलं." आणि उरलेली अर्धी वडी कागदात बांधून घेऊन बसमध्ये चढला.

तो भांडला असता तर मी जिंकले असते. भांडणात मी चांगली आहे. पण सही करून निघून जाणाऱ्या माणसाचं काय करायचं? तीन आठवडे मी चिडचिड केली. लिव्यूवर, कारण त्याचं 'कधीच'. फिरुता मावशींवर, कारण त्या म्हणाल्या, "सांगितलं नव्हतं का, दारात येईल म्हणून?" तेओवर, कारण ती म्हणाली, "आई, वाक्य भारीच आहे, पण खोटं आहे ना." मी म्हटलं, अगं, पिशाच्चाच्या कादंबरीत तू खऱ्याखोट्याचं काय सांगतेस? ती म्हणाली, "दातांचं तूच सांगायचीस." आणि कानात इअरफोन घालून बसली.

प्रकाशनाला सभागृह भरलं. हीटर नोव्हेंबरच्या आधी सुरू करायचे नाहीत, हा पास्कुचा आणखी एक नियम, त्यामुळे साठ-सत्तर पोरी काळे कपडे, काळे ओठ आणि वरून आईच्या लोकरी शाली अशा बसल्या होत्या. पास्कु पंचवीस मिनिटं बोलले. त्यात माझं नाव दोनदा आलं, एकदा चुकीचं. पहिल्या रांगेत हिरव्या कोटात ओक्ताव्हियान ग्रोझ्या. कुणी बोलावलं होतं कोण जाणे. पोरी त्याच्याबरोबर फोटो काढत होत्या आणि तो प्रत्येकीला विचारत होता, कितवीत आहेस?

मग माझी पाळी आली. मी पहिलं प्रकरण वाचायला उघडलं, तर पोरी ओरडायला लागल्या, "एकशे बारा! एकशे बारा!"

मी एकशे बारा उघडलं. बुरूज झाला, धुकं झालं, थंड हात झाला. पुढचं वाक्य यायच्या आधीच त्यांचे ओठ हलायला लागले होते. सगळ्यांना पाठ होतं. लेखकाला याहून जास्त काय हवं असतं? म्हातारा माझ्याकडे बघत नव्हता. मांडीवरच्या टोपीकडे बघत होता, डॉक्टर सुई टोचताना माणूस दुसरीकडे बघतो तसा.

मी वाचलं, "तीनशे वर्षांत मी एकीवरच प्रेम केलं. ती बर्फातून चालत यायची. ती गेली, आणि तिच्यानंतर तू पहिली."

सभागृह उसळलं.

"असं नाहीये पुस्तकात!"

"पुस्तकात चूक आहे," मी म्हणाले. "पेनं काढा."

"मग इरिना काय दुसरी का?" पहिल्या रांगेतली एक काळ्या ओठांची पोर उभीच राहिली. तिच्या मनगटावर ते वाक्य होतं, चांगलं जाड शाईनं. "हे अन्यायाचं आहे! इरिनानं काय करायचं?"

चारशे पानांत मी इरिनाचा तसा विचारच केला नव्हता. तेव्हा म्हातारा उठला. "इरिनानं आधी शाळा संपवावी," तो म्हणाला.

काही पोरी हसल्या, काही भयंकर चिडल्या. ती उभी असलेली मात्र बसली नाही. "ती कोण होती?" तिनं विचारलं.

"लुक्रेत्सिया." त्यानं जरा विचार केला. "सूप करायची."

ती पोर खाली बसली, तिनं पेन काढलं आणि पान एकशे बारावर खाडाखोड करायला लागली. मग शेजारची. मग मागची रांग. पेनांचा आवाज येतो, सत्तर पेनं एकदम चालली की. पास्कु धावत माझ्याजवळ आले आणि कुजबुजले की छापील मजकूर आणि वाचलेला मजकूर यात तफावत झाली आहे, नव्यानं मंजुरी लागेल. मी त्यांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, कारण हे लिखाणही पोरींच्या हातात पडेल.

म्हातारा भिंग घेऊन रांगेनं फिरला आणि एकेक प्रत तपासली. एकीनं बर्फ विसरला होता, तिला घालायला लावला. एकीला नाव लिहायचं होतं, तर म्हणाला, नाव नको, नाव माझ्याजवळ राहू दे. तासभर चाललं ते. शेवटी मी माझी स्वतःची प्रत, पहिली छापलेली, जिच्यावर मी सही करून ठेवली होती, ती त्याला दिली. हातानं दुरुस्त केलेली.

"तिला वाचून दाखवा, आजोबा," मी म्हणाले.

त्यानं पुस्तक घेतलं, खिशातून चाकू काढला, पान एकशे बारा मुळापासून सरळ रेषेत कापलं, चार घड्या करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि पुस्तक माझ्या हातात परत दिलं.

"एवढं पुरे," तो म्हणाला. "बाकीचं राहू दे तुझ्याकडेच. फार समंजस बाई होती ती."